शाळेचे पाणी आणि शाळेची विद्या

(उज्जैन येथील स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



स्मृतिव्याख्यानासाठी पाचारण केलेल्या वक्त्याची एक अडचण असते. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हा समारंभ, त्यांना वक्त्यापेक्षा श्रोतेच अधिक जवळून ओळखत असतात. म्हणून गुणवर्णनाचा मोह टाळून मी थेट विषयाकडे वळतो. शिक्षण आणि आरोग्य यांच्या संबंधावर बोलावे, असे संस्थेने सुचविले. मी वैद्यक व्यवसायातला माणूस. मुलांच्या तपासणीच्या निमित्ताने माळव्यातील पुष्कळ शाळांचे वर्ग पाहिले आणि वर्गांपेक्षाही त्यांची परसदारे पाहिली. आज बोलणार आहे ते मुख्यतः परसदाराविषयी.

आरोग्य हा आपल्याकडे एक पाठ्यविषय मानला जातो. पुस्तकात एक धडा असतो, धड्याखाली प्रश्न असतात, जेवणापूर्वी हात का धुवावेत याचे उत्तर मूल पाठ करते आणि गुणही मिळविते. मधल्या सुटीत ते हात धुवावयास जाते तेव्हा नळ कोरडा असतो. त्या एका दिवसात मूल दोन धडे शिकलेले असते, आणि त्यांतला नळाचा धडा अधिक काळ टिकतो. पुस्तकात लिहिलेले हे परीक्षेपुरते असते, प्रत्यक्षात तसे वागावयाचे नसते, हे त्याला कोणी न सांगता समजते. आरोग्यशिक्षणाचे सोडा, एकूण विद्येवरचाच विश्वास येथे उणावतो.

आपण उज्जयिनीत आहोत, तेव्हा कालिदासाला विचारल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, या अर्थाचा त्याचा एक चरण आपल्या शाळांच्या आणि व्यायामशाळांच्या भिंतींवर हमखास रंगविलेला असतो. तो 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गातला. पार्वती उग्र तप करीत आहे आणि बटूच्या वेषात आलेले शंकर तिची विचारपूस करीत आहेत, असा प्रसंग. परंतु भिंतीवर येतो तो श्लोकाचा केवळ शेवटचा चरण. त्याआधीच्या तीन चरणांत त्या बटूने तीन साधे प्रश्न विचारले आहेत. होमाचे साहित्य सहज मिळते ना, स्नानाला योग्य असे पाणी आहे ना, आणि हे तप तू आपल्या शक्तीच्या बेताने करते आहेस ना? म्हणजे सिद्धान्त सांगण्यापूर्वी कवीने सामग्रीची, पाण्याची आणि ताकदीची चौकशी केली आहे. आम्ही सिद्धान्त तेवढा भिंतीवर घेतला आणि चौकशी गाळली.

सांदीपनींच्या आश्रमाची परंपराही आपल्याला हेच सांगते. अंकपात हे नाव विद्यार्थी तेथे पाट्या धुवीत म्हणून पडले, अशी लोकसमजूत आहे. शेजारी गोमती कुंड आहे. गुरूंना स्नानासाठी दूर जावे लागू नये म्हणून श्रीकृष्णाने गोमतीचे जल तेथे आणले, अशी कथा सांगतात. कथेच्या ऐतिहासिकतेशी मला कर्तव्य नाही. आपल्या लोकांनी ज्या शाळेची आठवण हजारो वर्षे जपली, त्या शाळेच्या आठवणीत पाण्याची सोय आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. भूकही आहे. गुरुपत्नीने दोघांसाठी दिलेले चणे सुदाम्याने एकट्याने खाल्ले, ही गोष्ट आपण मैत्रीची म्हणून सांगतो. मला ती वर्गातल्या उपाशी मुलाची गोष्ट वाटते.

आता पुराणातून इतिहासात येऊ, आणि तोही बृहन्महाराष्ट्रातलाच. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. हिंदुस्थानातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत तेव्हापासून धरतात. इंग्लंडनेही ती व्यवस्था कायद्याने आणली होती ती १९०७ मध्ये. तिकडे कारण वेगळे होते. बोअर युद्धासाठी भरतीला आलेल्या तरुणांपैकी फार मोठा भाग शरीराने अपात्र ठरला, सरकारची झोप उडाली, १९०४ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला, १९०६ मध्ये शाळेतील जेवणाचा कायदा झाला आणि पाठोपाठ तपासणीचा. तेथे सैनिक हवे होते. बडोद्याचा क्रम मला अधिक तर्कशुद्ध वाटतो. मुलाला शाळेत येण्याची सक्ती केली की ते मूल ज्या शरीरासह येते त्या शरीराची जबाबदारी सक्ती करणाऱ्यावर येते. खरूज, वाढलेली प्लीहा, वाहणारा कान हे सारे घरात होते तोवर कुणाला दिसत नव्हते. हजेरीपटाने ते दृष्टीस आणले.

महाराष्ट्रात हा संबंध आणखी आधी ओळखला गेला होता. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालविले. ज्या सावित्रीबाईंनी मुलींच्या शाळेत शिकविताना अंगावर चिखल झेलला, त्यांचा मृत्यू १० मार्च १८९७ रोजी पुण्याच्या प्लेगमध्ये, रुग्णांची शुश्रूषा करताना झाला. शिक्षिका आणि शुश्रूषा करणारी स्त्री या दोन भूमिका त्यांच्या लेखी निराळ्या नव्हत्या.

पुढे आपल्या मराठी समाजाची आरोग्याची कल्पना बरीचशी तालमीत गेली. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव, अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची कामगिरी थोर आहे. औंधच्या राजांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार नेमाने घालावयास लावले आणि स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला, हे त्या काळी धाडसाचे होते. तरीही मला नम्रपणे म्हणावेसे वाटते की या परंपरेने आपली एक फसगत केली. आरोग्य म्हणजे बळकट दंड, असे समीकरण मनात बसले. ज्या मुलीच्या रक्तात लोह नाही तिला सूर्यनमस्काराने लोह मिळत नाही. तिला केवळ धाप लागते.

या बाबतीत खरी वाट दाखविली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. जी मुले गुरे राखावयास जात त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. अक्षरांच्या आधी तेथे आंघोळ होती, केस विंचरणे होते, नखे कापणे होते, पोटात काही घालणे होते. काही विद्वानांना हे शिक्षणाबाहेरचे काम वाटले असेल. अनुताईंना तसे वाटत नव्हते, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने त्यांचाच शब्द उचलून तो देशभर नेला. शब्द गेला. त्याबरोबर अंगण किती ठिकाणी गेले, हा प्रश्न वेगळा.

आता वर्गात येऊ. प्रत्येक शाळेत मागच्या बाकावर एखादा मुलगा असतो. 'लक्ष नाही', 'डोके चालत नाही', असा त्याच्याविषयी शेरा पडलेला असतो. अशा मुलांना तपासताना मी तीन गोष्टी पाहतो. पहिली दृष्टी. सहा मीटर अंतरावर अक्षरांचा तक्ता टांगून, एक डोळा हाताने झाकून वाचावयास लावणे, एवढीच ती परीक्षा. तिला डॉक्टर लागत नाही. अर्ध्या दिवसाच्या शिकवणीनंतर कोणताही शिक्षक ती घेऊ शकतो. फळा दिसत नाही हे मूल स्वतः सांगत नाही, कारण इतरांना तो निराळा दिसतो हे त्याला ठाऊकच नसते. दुसरी गोष्ट म्हणजे कान. कान वाहणे ही आपल्याकडे इतकी नित्याची बाब समजली जाते की आई कापसाचा बोळा घालून मुलाला शाळेत धाडते. अशा मुलाला शिक्षकाचे बोलणे अर्धेच ऐकू येते आणि उरलेले अर्धे तो अंदाजाने भरतो. आपल्या बृहन्महाराष्ट्रातील घरांत ही अडचण आणखी गुंतागुंतीची होते. घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि अलीकडे इंग्रजी. मूल चुकले की दोष भाषेला दिला जातो आणि कान तपासावयाचा राहून जातो.

तिसरी गोष्ट रक्तक्षय. येथे मला थोडे थांबावेसे वाटते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला; त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१.१ टक्के होते. मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील बालकांपैकी ७२.७ टक्के बालकांत तो होता. हे आकडे ऐकून आपण हळहळतो आणि समोरच्या वर्गाकडे पाहत नाही. चाळीस मुलींच्या वर्गात त्यांतल्या वीसहून अधिक मुली अशा असतील, तर दुपारच्या तासाला ज्या मुली पेंगतात त्यांना आळशी म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर विचार करावयास हवा. शाळेतून आठवड्यास एक लोहाची गोळी देण्याचा कार्यक्रम २०१३ च्या सुमारास देशभर सुरू झाला. गोळी साधी आहे, स्वस्त आहे. परंतु उपाशीपोटी घेतली तर मळमळते आणि शौचाचा रंग काळा होतो. हे आधी समजावून सांगितले नाही की गावात अफवा उठते, पालक शाळेवर येतात आणि गोळ्यांचे खोके कपाटात पडून राहते. जेथे एखादी बाई गोळी जेवणानंतर देते, स्वतः मुलींबरोबर घेते, जेवणावर चहा पिऊ नये आणि लिंबू पिळावे हे सांगते, तेथे तो कार्यक्रम चालतो. औषध तेच, अंतर शिक्षिकेचे.

जेवणाविषयी थोडक्यात. शाळेतील जेवणाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आरंभी मिळे ते कोरडे धान्य. शिजविलेले अन्नच द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला, तेव्हा चुली पेटल्या. प्राथमिकच्या मुलासाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरले आहे. मला या योजनेत पोषणाइतकीच पंगत महत्त्वाची वाटते. जातीजातींची मुले एका ओळीत बसून एकीच्या हातचे जेवतात, ही गोष्ट आपल्या आजोबांच्या काळी कोणत्या संस्थेला साधली होती? एक गोष्ट मात्र सलते. आमचा माळवा सोयाबीनचा मुलूख. ज्वारी मागे हटली आणि काळ्या मातीत सोयाबीन आले. त्याचे तेल निघते, पेंड देशात आणि परदेशात कोंबड्या-गुरांच्या पोषणाला जाते, आणि त्याच शेतावर राबणाऱ्याचे मूल प्रथिनाला मोताद. असो.

आता परसदाराकडे. पिण्याच्या पाण्याचा माठ आणि स्वच्छतागृह, या दोन जागा पाहिल्या की शाळा समजते, असे मी अनुभवाने म्हणतो. माठावर झाकण आहे का, आणि पाणी काढावयास लांब दांड्याचे ओगराळे आहे का? नसेल तर दोनशे हात त्या माठात बुडतात आणि मग नळाचे पाणी कितीही शुद्ध असले तरी व्यर्थ. हा खर्चाचा प्रश्न नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल.

स्वच्छतागृह हा मात्र खर्चाचाही प्रश्न आहे आणि मनाचाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी यांना शाळेच्या आवश्यक गोष्टींत स्थान दिले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घालून दिली. २०१४ नंतर फार मोठ्या प्रमाणावर बांधकामे झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बांधकाम हा एका वर्षाचा खर्च असतो आणि स्वच्छता हा रोजचा. पुष्कळ ठिकाणी मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप दिसते. विचारले तर उत्तर मिळते की उघडले की घाण होते. म्हणजे ते स्वच्छ राहावे म्हणून वापरावयाचे नाही! किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर असते, आणि तेरा वर्षांच्या मुलीने ती मागावयास पुरुषांच्या खोलीत जावे अशी अपेक्षा असते. ती जात नाही. ती सकाळपासून पाणी पीत नाही. मूत्रमार्गाच्या विकाराची तक्रार घेऊन अशा मुली दवाखान्यात येतात, औषध देता येते, पण कारण शाळेच्या वेळापत्रकात असते. आणि मासिक पाळीचे दिवस आले की ती घरीच राहते. महिन्यातून तीन-चार दिवस बुडाले की गणिताचा एखादा भाग सुटतो, मग दुसरा सुटतो, आणि मुलीला अभ्यासाची गोडी नाही असे घरात बोलले जाऊ लागते. पुढचे आपण जाणता. कुलपाची ती किल्ली तिच्या लग्नाची तारीख ठरवीत असते, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती मानू नये.

मनाचा प्रश्न म्हटले तो असा की, साफ कोण करणार? शिपाई म्हणतो हे माझे काम नव्हे. काही शाळांत विशिष्ट वस्तीतील मुलांच्याच हाती झाडू दिला जातो, आणि नागरिकशास्त्राच्या तासाला समतेचा धडा त्याच मुलांना शिकविला जातो. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामला नयी तालीमची शाळा उभी राहिली, तेथे संडास साफ करणे हे शिक्षक आणि विद्यार्थी या सर्वांचे पाळीचे काम होते. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी ब्राह्मण असून भंगीकाम अंगावर घेतले. गाडगेबाबांचा खराटा तर घराघरांत माहीत आहे. आपण या तिघांच्या पुण्यतिथ्या करतो. खराटा मात्र व्यासपीठावर येत नाही.

येथवर आरोग्यावाचून शिक्षण कसे अडते ते पाहिले. उलट दिशाही तितकीच खरी आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० मध्ये १९७० ते २००९ या काळातील जगभरच्या बालमृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या काळात जे बालमृत्यू टळले त्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक स्त्रियांचे शिक्षण वाढल्यामुळे टळले, असा त्याचा निष्कर्ष होता. नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणे हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू केरळात ६ होते, महाराष्ट्रात १६ आणि आपल्या मध्य प्रदेशात ४३. या अंतराची कारणे अनेक आहेत. रस्ते आहेत, दवाखाने आहेत, गरिबी आहे. पण मुलींच्या शाळेचा वाटा त्यात मोठा आहे. तो वाटा कोणत्या मार्गाने पोचतो? शिकलेल्या आईला वैद्यक येते असे नव्हे. ती डॉक्टरांना उलट प्रश्न विचारते. बाटलीवरची तारीख वाचते. बाळाला हगवण लागली असता सासू पाणी बंद करा म्हणाली तर ती 'का?' म्हणते. हा 'का' शाळेने दिलेला असतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच, थोडेसे शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यावयास शिकविले. १९९९ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा नवजात बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले होते. मोठ्या पदव्या तेथे नव्हत्या. वाचता येणे, घड्याळ पाहता येणे, श्वास मोजता येणे आणि लिहून ठेवता येणे एवढेच होते. आपली प्राथमिक शाळा नेमके हेच शिकविते.

मग शाळेने मोजावयास शिकवावे ते काय? माझी सूचना अशी की शाळेने आपले पाणी मोजावे. क्षिप्रेच्या पाण्याविषयी उज्जैनकर रोज बोलतात. इंदुरकडून येणारी कान्ह नदी त्रिवेणीपाशी तिला मिळते तेव्हा काय होते, हे आपण पाहतो. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी जोडले गेले, आणि २०२८ च्या सिंहस्थासाठी आणखी योजना होत आहेत. बोलण्यापलीकडे विद्यार्थ्याला काही करता येते का? येते. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी पाण्यातील मैल्याचा अंश ओळखण्याची एक सोपी परीक्षा शोधून काढली, आणि ती पुढे जगभर वापरली गेली. लहान बाटलीत औषधी द्रावणाने माखलेली कागदाची पट्टी असते. त्यात पाणी भरावयाचे आणि उबदार जागी रात्रभर ठेवावयाचे. सकाळी ते काळे पडले की पाणी पिण्यायोग्य नाही, असे समजावयाचे. प्रयोगशाळा नको, वीज नको. आपल्याच जुन्या संस्थानच्या राजधानीत लागलेला हा शोध आपल्या किती शाळांना माहीत आहे?

या प्रांताने एकदा असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केलाही होता. १९७२ मध्ये सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम पुढे उज्जैनसह अनेक जिल्ह्यांतील सरकारी शाळांत पोचला. मुले पाठांतर न करता स्वतः प्रयोग करून निष्कर्ष लिहीत. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. माझ्या मते मध्य प्रदेशच्या शिक्षणाचे त्यासारखे दुसरे नुकसान अलीकडच्या काळात झालेले नाही. परंतु कार्यक्रम बंद झाला म्हणून बाटली काळी पडावयाची थांबलेली नाही.

शेवटी माजी विद्यार्थ्यांशी दोन शब्द. आपण मंडळी एकत्र जमलात की शाळेला काय द्यावे हा विषय निघतोच, आणि बहुधा प्रवेशद्वार, रंगमंच किंवा संगमरवरी पाटी यांवर एकमत होते. मी आपल्याला निराळे मागतो. एका सफाई कामगाराचे पुरते, सन्मानाचे वार्षिक वेतन, पाण्याच्या टाकीची आणि नळांची देखभाल, आणि मुलींच्या स्वच्छतागृहासाठी आतली कडी, बाहेरचे कुलूप नव्हे. यांतल्या कशावरही आपले नाव कोरता येणार नाही, हे मला मान्य आहे. विद्यार्थी मित्रांना मागणे असे की, आठव्या-नववीच्या मुलामुलींनी दर सोमवारी शाळेच्या टाकीचे, माठाचे आणि आपापल्या घरच्या पाण्याचे नमुने त्या बाटल्यांत भरावेत आणि मंगळवारी सकाळी निकाल सूचनाफलकावर तारखेसह लावावा. काळा असेल तर काळाच लावावा. मुख्याध्यापकांनी तो काढून टाकू नये, एवढे आश्वासन आजच्या अध्यक्षांनी त्यांच्याकडून येथेच घ्यावे, अशी माझी विनंती आहे.